शेवटाला ठेवलेलं औषध

कांद्याची पात कापताना सोजरबाईचा एक कान घराकडे असायचा. वावर आणि घर यांच्यामध्ये फक्त गोठा होता आणि गोठ्याच्या पलीकडे ओसरीत चांगदेवची बाज. नवरा नुसता कण्हत असला तर ती काम सोडत नसे. शिव्या ऐकू आल्या तरी सोडत नसे. पण शिव्याही थांबल्या आणि बाज करकरायला लागली की विळा मातीत रोवून ती उठायची. कारण मग त्याने तोंडात उपरणं कोंबलेलं असायचं आणि टाचा बाजेच्या लाकडावर घासत असायच्या. घासून घासून दोन्ही टाचांची साल गेली होती.

हा माणूस पूर्वी असा नव्हता. बैलाने मांडीत शिंग खुपसलं तेव्हा धोतराची चिंधी आवळून बांधून तो आपल्या पायांनी शिरूरला गेला होता आणि टाके घालून घेताना डॉक्टरशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसला होता. घोडनदीच्या काठाला ही गोष्ट अजून सांगतात. आता अंगावर चादर टाकली तरी तो लहान पोरासारखा रडायचा. लघवीच्या जागेची गाठ हाडांत उतरली होती. कंबर, खुबा आणि उजवी मांडी आतून पोखरत चालली होती आणि त्याला कुठल्याच कुशीवर थारा नव्हता.

“गोळी दे,” सोजरबाई ओसरीत आली तसा तो म्हणाला.

“सकाळी दिली की.”

“ती कवाच जिरली. दुसरी दे.”

तिने फडताळातून पांढरी गोळी काढून त्याच्या जिभेवर ठेवली आणि तांब्या तोंडाला लावला. निम्मं पाणी गळ्यावर सांडलं. ते तिने पदराने टिपलं.

“पुण्याच्या डॉक्टरनं कसल्या गोळ्या दिल्यात गं? खडू खाल्ल्यावानी. माझ्या दुखण्याला औषधच न्हाई बघ. पार हाताबाहेर गेलंय.”

“आसंल,” सोजरबाई म्हणाली आणि पुन्हा पात कापायला गेली.

ती गोळी पुण्याची नव्हतीच. गावातल्या किराणा दुकानात तापावर मिळते, ती होती. पुण्याच्या गोळ्या घरात होत्या, पण बाजरीच्या बियाण्याच्या डब्यात, राख आणि कडुलिंबाच्या पाल्याखाली एका डबीत ठेवलेल्या. त्यातली एकही चांगदेवच्या तोंडात गेली नव्हती.

संक्रांतीच्या आधी त्याला जीप करून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे त्याला फोटो काढायला आत नेलं तेवढ्यात डॉक्टरबाईंनी सोजरबाईला आणि तिच्या मुलाला, नवनाथला, समोर बसवलं. बाई तरुण होत्या, पण बोलणं सावकाश. आजार बरा व्हायचा नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. “पण दुखणं थांबवता येतं,” त्या म्हणाल्या. “घड्याळ बघून गोळी द्यायची. दुखायला लागायची वाट बघायची नाही. दुखणं एकदा वर चढलं की खाली उतरवायला फार त्रास होतो. सवय लागेल म्हणून घाबरू नका आणि उद्यासाठी म्हणून राखून ठेवू नका. कमी पडल्या तर परत या, वाढवून देईन.” पोट साफ व्हायची पावडरही त्यांनी बरोबर दिली. चांगदेवला मात्र एक सुई टोचली होती. त्या गुंगीत तो घरापर्यंत झोपून आला.

जीप चौफुल्याच्या पुढे आली तेव्हा नवनाथ म्हणाला, “आये, ह्या गोळ्या लगीच काढायच्या न्हाईत.”

“का रं? बाई तर म्हणल्या—”

“बायांचं सोड. त्यांनी कधी कांदा केलाय का? फुलकिड्यावर पयल्याच फवारणीला जालीम औषध मारलं तर पुढं काय व्हतंय? किडा पचवतो ते. मग कांदा भरायच्या टायमाला डोक्यावर वतलं तरी मरत न्हाई. आधी हलकं मारायचं, जालीम शेवटाला ठेवायचं. अंगाचंबी तसंच हाय.”

नवनाथच्या फवारणीला गावात मान होता. त्याचा कांदा वाकडा झालेला कोणी पाहिला नव्हता. सोजरबाईलाही त्याचं म्हणणं पटलं. तिचा सगळा जन्म चांगलं ते मागे ठेवण्यात गेला होता. तूप पाहुण्यांसाठी, गूळ सणासाठी, नवं लुगडं लग्नकार्यासाठी. मोठी कणसं बियाण्याला काढून बारकी दळायला न्यायची, हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं आणि त्यात कधी चूक निघाली नव्हती.

आणि शेवट कुठला, तेही नवनाथने ठरवून टाकलं होतं. हद्दीच्या सरकारी मोजणीचा दिवस.

शेजारचं वावर हौशीरामचं, चांगदेवच्या चुलतभावाचं. गेल्या उन्हाळ्यात चांगदेव अंथरुणाला खिळला त्याच आठवड्यात हौशीरामने जेसीबी लावून मधला बांध सपाट केला. हद्दीचा दगड कुठे गडप झाला कोणास ठाऊक. नवा बांध त्याने असा ओढला की विहीर त्याच्या बाजूला गेली. ती विहीर चांगदेवच्या बापाने खणलेली. तिच्या पाण्यावरच सगळा कांदा उभा होता. गावच्या जुन्या नकाशाला नेमकी तिथेच घडी पडून रेघ पुसलेली. पण जुनी माणसं हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरत. दगड हलवता येतो, कोळसा कोणाला दिसत नाही आणि तो कुजतही नाही. हा कोळसा पुरला तेव्हा चांगदेव लहान होता आणि कोळशाची पाटी त्यानेच धरली होती. जागा माहीत असलेला तो एकटाच उरला होता.

“आबा, कुठशीक हाय ते सांगा की,” नवनाथने कितीदा तरी विचारलं होतं.

“हितनं कसं सांगू? जाग्यावर हुबा ऱ्हायलो तर पायाला कळंल. न्हे मला तिथं.”

आणि नेण्यासाठी त्याला हात लावला की तो किंचाळायचा.

माघ सरला. कांदा काढणीला आला. सोजरबाई आणि सून राजश्री दिवसभर वावरात वाकलेल्या असायच्या. घरी आलं की चांगदेवला पुसून काढायचं काम. दोघी दोन बाजूंनी धरून त्याला कुशीवर करायच्या आणि तो सुनेच्या देखत आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, मग सुनेची माफी मागायचा. नागव्या अंगावर ओलं फडकं फिरताना त्याचे दात वाजायचे. राजश्री मान दुसरीकडे वळवून काम करायची.

“आत्याबाई, एक तरी द्या हो,” एकदा ती गोठ्यात हळूच म्हणाली. “माणूस हाय का जनावर? जनावर असं वराडलं तर आपण रातीत डाक्टर आणतो.”

“तुला काय कळतंय? आत्ताच संपवल्या तर त्या दिशी काय देशील?”

“परत आणू की पुण्याहून.”

“नवनाथ आणील का? इचार तुझ्या नवऱ्याला.”

राजश्रीने विचारलं नाही.

हौशीराम एका संध्याकाळी चिकू घेऊन भेटायला आला. त्याला बघायचं होतं, हा मोजणीला उभा राहू शकतो की नाही. तो आलेला दिसताच चांगदेवने कण्हणं गिळलं आणि उशीला टेकून अर्धवट उठून बसला. हौशीराम बाजेवरच बसला. बाज खाली गेली तसा चांगदेवच्या कपाळावर घाम आला.

“काय दादा, कसं काय?”

“बरं हाय.”

“आवाज लांबवर येतो म्हणत्यात लोकं.”

“लोकांचे कान लांब हायत.”

“हितं दुखतंय व्हय?” हौशीरामने त्याच्या उजव्या मांडीवर हात ठेवला. “बारकं असताना तुमचेच पाय दाबायचो. आता लाजायचं काय त्यात?” आणि तो मांडी दाबू लागला. हळूहळू, मायेने दाबावी तशी, पण अंगठा हाडापर्यंत घालून.

चांगदेवच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तोंडातून चकार शब्द निघाला नाही. सोजरबाई चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. दिराचा हात धरून बाजूला करावा असं तिला पोटातून वाटलं. पण घरी आलेल्या भावकीच्या माणसाचा हात बाईने धरायचा कसा? ती म्हणाली, “भावजी, च्या घ्या,” तेव्हा कुठे त्याने हात काढला.

तो गेल्यावर चांगदेव असा ओरडला की गोठ्यातल्या म्हशीने दावं ताणलं. अंथरूण ओलं झालं होतं. सोजरबाईने ते बदललं आणि तशीच आत जाऊन बियाण्याचा डबा उघडला. पाला बाजूला केला, डबी काढली, एक गोळी हातावर घेतली. एवढीशी गोळी, मुगाच्या डाळीएवढी. ती घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली. तेवढ्यात ओरडणं थांबलं. चांगदेव थकून गप पडला होता. ती क्षणभर थांबली आणि गोळी परत डबीत टाकली. आजचं भागलं, असं तिला वाटलं आणि त्याचं तिला बरंच वाटलं. तूप महिनाभर पुरलं की वाटायचं तसं.

मोजणीच्या दिवशी उजाडताच नवनाथने डबा आणायला सांगितला. सोजरबाईने गोळी दिली आणि पातीच्या ढिगापाशी जाऊन बसली. तिचा काही फारसा विश्वास नव्हता. औषध म्हणजे थोडं कमी, थोडं जास्त.

ऊन ओसरीत आलं तरी घरातून आवाज नाही. एवढी शांतता कित्येक महिन्यांत नव्हती. विळा टाकून ती धावत आली.

चांगदेव उशीला टेकून ओसरीच्या आढ्यावरच्या चिमण्या बघत होता. कपाळ कोरडं होतं. एरवी आवळलेली मूठ उघडी होती. तिला बघून तो चक्क हसला.

“च्या हाय का गं? आन् भाकरी आसंल तर दे, दुधात कुस्करून.”

तिने भाकरी कुस्करली. त्याने आपल्या हाताने खाल्लं, वाटी पुसून खाल्लं. मग म्हणाला, “दाढी कर म्हणावं नवनाथला. मोजणीवाल्या सायबापुढं असं जायचं व्हय?” आणि त्याने हळूच उजवा पाय सरळ केला, पुन्हा दुमडला, पुन्हा सरळ केला. पाय परक्याचा असावा तसा तो त्याच्याकडे बघत राहिला.

“आज काय दिलंस?”

“गोळी.”

“कुठली?”

सोजरबाई वाटी उचलायला वाकली. त्याने तिचा हात नाकापाशी घेऊन हुंगला. “लिंबाचा वास येतोय. कुठं ठिवली हुती?”

“बियाण्याच्या डब्यात,” राजश्री मागून म्हणाली. ती चुलीपुढून उठून आली होती आणि तिचा आवाज चढला होता. “संक्रांतीपासनं हायत, मामा. पुण्याच्या त्याच. तुमाला आजपावतर दिल्या त्या दुकानातल्या, तापावरच्या.”

“राजश्री!” सोजरबाई ओरडली.

अंगणात कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती, तिच्याकडे चांगदेव बघत बसला.

“म्हंजी घरातच हुतं,” तो शेवटी म्हणाला.

“अवं, नवनाथ म्हणला सवय व्हईल, मग आजच्याला चालायची न्हाई... तुमच्यासाठीच तर ठिवली. शेवटाला लागंल म्हणून.”

“मला वाटलं दुखणंच तसलं हाय. मला वाटलं देवानं डाव साधला.” तो पुन्हा हसला, पण हे हसणं तिला बघवेना. “आन् घरातच हुतं.”

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्याला नवनाथने आणि कांदा काढायला आलेल्या एका गड्याने उचलून वावरात नेलं. निघण्याआधी दुसरी गोळी दिली होती. सोजरबाई मागून तांब्या घेऊन चालली. साहेब मशीन लावून उभे होते. हौशीराम चार माणसं घेऊन आला होता आणि खुर्चीत ताठ बसलेला चांगदेव बघून त्याचं तोंड उतरलं होतं.

“काका,” साहेब म्हणाले, “नकाशावर रेघ नीट दिसत नाही. जुनी खूण सापडली तर मी ती धरेन. नाहीतर आज आहे ती वहिवाट लिहावी लागेल.”

“मला हुबं करा,” चांगदेव म्हणाला.

नवनाथने त्याला बगलेत धरून उभं केलं. त्याने वहाणा काढल्या. अनवाणी तो विहिरीपासून नदीच्या बाजूने निघाला. एक पाऊल, मग थांबायचं, मग एक पाऊल. ढेकळं तुडवताना त्याला मजा वाटत असावी. किती महिन्यांनी पाय मातीला लागले होते. एका जागी तो थांबला आणि अंगठ्याने माती उकरत राहिला. हौशीराम दोन पावलं पुढे आला. सोजरबाईच्या मनात आलं, हीच ती जागा. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिला ते दिसलं. एवढी वर्षं संसार केल्यावर बाईला तेवढं दिसतंच.

“हितं का, आबा?” नवनाथने कुदळ उचलली.

चांगदेवने पायाने माती सारखी केली आणि पुढे चालू लागला.

“न्हाई. ठावं हाय मला, पर आज न्हाई सांगत.”

“आज न्हाई? मग कवा?”

“शेवटाला. जालीम चीज हाय ती, लगीच काढली तर तुला सवय व्हईल.” मग साहेबांकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, “साहेब, म्हातारा झालो. आठवत न्हाई. हाय ते लिवा.”

हौशीरामच्या माणसांतला कोणीतरी फिस्सकन हसला. नवनाथची मान लाल झाली. त्याने बापाच्या बगलेतला हात काढून घेतला. चांगदेव तिथेच ढेकळांत खाली बसला आणि मोजणी संपेपर्यंत तसाच बसून राहिला. विहीर नव्या बांधाच्या पलीकडे लिहिली गेली. त्याला परत आणायला खुर्ची कोणी उचलली नाही. सासू आणि सुनेने हातांचा पाळणा करून त्याला घरी आणलं.

ऊन कलायला लागलं तसं दुखणं परत आलं. आधी त्याने ओठ चावले, मग टाचा घासायला लागला. सोजरबाई घाईने आत गेली. बियाण्याच्या डब्यात डबी नव्हती. नवनाथ गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला होता आणि डबी त्याच्या मांडीवर होती.

“दे इकडं,” ती म्हणाली.

“आधी जागा. फेरमोजणी लावता येती. आबा, ऐकताय का? जागा सांगा, गोळी घ्या.”

“नवन्या, बाप हाय तो!”

“बापानं विहीर घालवली. माझी पोरं काय पिणार?”

ओसरीतून किंकाळी आली. सोजरबाईने आजवर असल्या किंकाळ्या किती ऐकल्या होत्या, पण पात कापत ऐकल्या होत्या. आज तिने तो चेहरा सकाळी कोरडा पाहिला होता. वाटी पुसून खाताना पाहिला होता. आता तिच्याने ऐकवेना. तिने कानांवर हात घेतले.

किंकाळी संपल्यावर चांगदेव धापा टाकत म्हणाला, “ऱ्हाऊ दे, नवनाथ. ठेव जपून. बियाण्याला व्हतील.”

नवनाथ उठला आणि त्याने हात मागे घेऊन डबी गोठ्यात भिरकावली. ती खांबावर आपटली, झाकण उडालं आणि गोळ्या म्हशीच्या पायांत पांगल्या. मग तो मोटारसायकल काढून निघून गेला.

सोजरबाई गुडघ्यांवर बसली. शेणातून, मुतातून, कडब्याच्या चिपाडांतून तिने गोळ्या वेचायला घेतल्या. मुताच्या पाटात पडलेल्यांचा चिखल झाला होता. काही म्हशीच्या खुराखाली गेल्या. राजश्री म्हशीला मागे रेटत होती आणि रडत होती. अंधार पडायच्या आत चिमूटभर गोळ्या धड हाती लागल्या. सोजरबाईने एकेक पदराला पुसली.

बाजेपाशी येऊन तिने एक गोळी चांगदेवच्या तोंडापाशी नेली. गोळीला शेणाचा वास येत होता. त्याने तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली.

तिचा हात तिथेच थांबला. पुण्याला आता कोण नेणार होतं? या संपल्यावर पुढे काय? तिने गोळी मागे घेतली आणि नखाने मधोमध मोडली.

“अख्खी दे की, सोजर,” तो म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

“उद्या लागंल,” ती म्हणाली. अर्धी गोळी तिने त्याच्या जिभेवर ठेवली आणि उरलेली अर्धी पदराच्या गाठीत बांधली.